मागे राहिलेलं यंत्र

चाळिशी उलटल्यावर मी बियाणं-केंद्रात शिकाऊ झाले, तेही सख्ख्या नणंदेच्या हाताखाली. तिला प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, काम मिळतं. आणि मला तर प्रश्न पडायचे थांबत नाहीत.

तिच्या खोलीत तीन संगणक. पहिल्यात सासूबाईंनी जन्मभर गोळा केलेल्या बियांची माहिती: कुठली वेल सावलीत धरते, कुठली शेंग लवकर किडते. त्यांना स्वतःला आता यातलं फारसं आठवत नाही. आज सकाळी विचारलं, "कुंपणापाशी काय लावू?" तर नुसत्या बघत राहिल्या. म्हणजे जे उरलंय ते इथेच. पहिल्यात लिहिलं की दुसरा संगणक तत्क्षणी तेच लिहून घेतो. तिसराही तेच लिहितो, पण तासभर मागे.

"ताई, हा बिघडलाय का?"

"मुद्दाम मागे ठेवलाय."

"का पण?"

"शोध की! डोकं काय नुसतं केस विंचरायला आहे?"

ताई जेवायला गेली. मी एक चुकीची नोंद काढायला बसले आणि हुकमात कोणती काढायची, तेच लिहायचं विसरले. सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. धावत दुसऱ्याकडे गेले, तर तोही कोरा! पुसायचा हुकूमही त्याने इमानाने पाळला होता. सांगकाम्या मेला!

रडू फुटत होतं, तरी मनात आलं, नक्कल करणाऱ्याला चूक कशी कळणार? तशी मी तिसऱ्याकडे वळले. त्यात सगळ्या वेली, सगळ्या शेंगा जागच्या जागी होत्या. माझी चूक अजून तिथे पोचायची होती.

"ताई, धाव! याला थांबव!"

ती घास चावतच आली. "तूच थांबव. शिकवलंय ना?"

मी त्याचं नक्कल करणं बंद केलं. मग त्याच्यातूनच सगळं परत पहिल्यात भरलं.

"आता सांग, का मागे ठेवलाय?" ताईने विचारलं.

"चूक कळायला माणसाला वेळ लागतो म्हणून."

"सुटलीस," ताई म्हणाली आणि उरलेलं जेवायला गेली.

संध्याकाळी सासूबाईंना चहा दिला. कप हातात धरून त्या अचानक म्हणाल्या, "कुंपणापाशी लाल दाण्याची वेल लाव. तिला सावली चालते."

एरवी मी "बरं" म्हणून स्वयंपाकाला लागले असते. आज खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि पुढचं काही येतंय का, याची वाट पाहत राहिले.