गाळलेल्या तारखा

चोर पकडायला आता डोकं लागत नाही, यंत्र आहे की, असं बन्सीधर सरांना वाटायचं. सेलूच्या कॉलेजात मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम ते यंत्राला दाखवत आणि कुणाचं कुणाशी किती टक्के जुळतं ते यंत्र सांगे. यंदा पियुष आणि सुकेशनीचं जुळलं. आतली नावं वेगळी, सांगाडा एकच. पियुषनं आधी दिला होता, सुकेशनीनं मागून. झालं! सरांनी तिला भोपळा दिला आणि वालूरला तिच्या वडिलांना फोनही लावून टाकला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

दुसऱ्याच दिवशी तात्याराव लेकीला घेऊन दारात. "नाक कापलं हिनं. शिक्षान बास आता. नाव काढून द्या."

आरडाओरडा ऐकून विभागप्रमुख लीला मॅडम आल्या. यंत्राच्या टक्क्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचले. वर्षात बैलजोडी किती दिवस औताला लागेल, एवढंच मोजायचं होतं. या दोघांनी मात्र कुणी न सांगता काही तारखा गाळल्या होत्या.

"जुळतं, एवढंच यंत्रानं सांगितलं, सर. कुणी कुणाचं घेतलं ते आपण विचारायचं असतं," त्या म्हणाल्या आणि पियुषला बोलावलं. "या तारखा का गाळल्यास रे?"

"त्यानं प्रोग्रॅम फास्ट चालतो, मॅडम."

"आणि तू गं?"

"अमावस्या हायत त्या," सुकेशनी पुटपुटली. "आमच्याकडं अमावस्येला औत धरत न्हाईत. बैलायला आराम असतो."

पियुषचा चेहरा पडला. लॅबमध्ये तिची फाइल उघडी राहिली होती, तीच उचलली, हे त्यानं आपणहून कबूल केलं. बन्सीधर सर बघतच राहिले. ना दरडावणं, ना धमकी. एका साध्या प्रश्नात बाईनं दूध का दूध, पानी का पानी करून दाखवलं! त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त मॅडमचं कौतुक वाटलं.

त्यांनी तात्यारावांपुढे हात जोडले. "चूक माझी आहे. पोरीला नेऊ नका."

तात्याराव लेकीकडे वळले. "घरी का सांगितलं न्हाईस गं?"

सुकेशनीनं मान वर केली. "तुमी इचारलं का, आबा?"