जेवून बसलेला वाघ

मित्रांनो, मी शिवकाशीच्या एका छापखान्यातला जुना दगड आहे. माझ्या पाठीवर एक चित्र आहे. ते वाघाचे की मांजराचे, हे मला विचारू नका. मलाच ते अजून नीट कळलेले नाही.

पूर्वी चित्रे दगडावरून छापत. मला समुद्रापलीकडून जहाजाने आणले आणि वाळू-पाण्याने घासून गुळगुळीत केले. चरबीच्या शाईने माझ्यावर चित्र काढायचे, मला ओले करायचे, शाईचा रूळ फिरवायचा आणि वर कागद दाबायचा. त्यात पुन्हा माझ्यावर सगळेच उलटे. कागदावर उजवीकडे बघणारा प्राणी माझ्यावर डावीकडे बघतो. माझ्या गोंधळाला अशी जन्मापासूनच सुरुवात झाली म्हणा ना!

वेयिलमुत्तु अण्णाच्चींनी, म्हणजे आमच्या तमिळमधल्या अण्णासाहेबांनी, काडेपेट्यांचा कारखाना काढला, तेव्हा पेटीवर काय असावे याचा त्यांनी फार विचार केला. "गिऱ्हाईक अक्षरं वाचत नाही, चित्र बघतं," ते म्हणाले. "वाघ हवा. जरब बसली पाहिजे!" चित्राचे काम त्यांनी आपल्या लहानपणच्या मित्राला, आमच्याच छापखान्यातल्या गुरुसामीला दिले. गुरुसामीने देव पुष्कळ काढले होते, पण वाघ उभ्या जन्मात पाहिला नव्हता. कितीतरी दिवस तो माझ्यासमोर बसून इकडेतिकडे बघत राही. मग एकदाचा वाघ उतरला. पिवळ्या रंगावर काळे पट्टे, गोल चेहरा, पायांभोवती गुंडाळलेली शेपटी आणि डोळ्यांत अगदी घरगुती माया.

अण्णाच्चींनी छापलेला कागद आधी जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मलासुद्धा वाचता आले. पण गुरुसामी मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होता.

"वाघच आहे," अण्णाच्ची शेवटी म्हणाले. "जरा जेवून बसलाय, इतकंच."

चित्राखाली 'वाघ' असे नाव घातले आणि पेट्या बाजारात गेल्या. त्या धडाधड खपू लागल्या. पण दुकानदार येऊन वेगळेच सांगू लागले. बायका म्हणत, "ती पिवळी, मांजराची पेटी द्या." एका दुकानदाराने एकीला समजावले की बाई, तो वाघ आहे. ती हसत सुटली. "चुलीपाशी वाघ कोण ठेवतं? मांजरच बरं की!"

अण्णाच्चींच्या घरात मांजर हा शब्द बंद झाला. पेट्या भरणाऱ्या बायकांवर देखरेख त्यांची बायको सोर्णम करी. ती तेवढी मुद्दाम विचारायची, "तुमच्या वाघाला दूध ठेवू का हो?" अण्णाच्ची ताट अर्धे टाकून उठत. कोणी परगावचा चित्राला हसला, की ते ठणकावून सांगत, "गुरुसामीचा वाघ आहे तो. तुलाच बघता येत नाही!" त्यांच्या या शब्दावर बाकीचे छापखानेही गुरुसामीला काम देत. मी मात्र चक्रावून जाई. छापखान्यात मी वाघ आणि बाजारात मांजर, मग रूळ फिरताना मी गुरगुरावे की म्याव करावे?

पुढे तंगराज नावाच्या दुसऱ्या कारखानदाराने पेटी काढली. तोच पिवळा रंग, तेच पट्टे, तशीच शेपटी. खाली नाव मात्र 'मांजर'. आतल्या काड्या दमट. घासली की गूल गळून पडे. लोक शिव्या देत त्या मात्र आमच्या मांजराला. गाड्या भरभरून आमचा माल परत येऊ लागला. सोर्णमची थट्टा थांबली. "कामावरच्या बायका सकाळी दारात येऊन उभ्या राहतात, त्यांना काय सांगू?" ती म्हणाली. "असंच चाललं तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल."

अण्णाच्चींनी व्यापाऱ्यांच्या संगमकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, तक्रार केली. पुरावा म्हणून मलाही बैलगाडीत घालून देवळामागच्या मंडपात नेले.

तंगराज तयारीनेच आला होता. "साऱ्या गावाला विचारा. अण्णाच्ची स्वतःच सांगत फिरतात की वाघ आहे. माझं आहे मांजर. आता मांजरानं वाघाची नक्कल केली म्हणता काय?"

मंडप खो खो हसला. संगमचे वडीलधारे अरुणाचलम मात्र हसले नाहीत. "वेयिलमुत्तु, हे काय आहे ते तूच सांग. मांजर म्हणालास तर तुझ्या तक्रारीला अर्थ आहे. वाघ म्हणालास तर घरी जा."

अण्णाच्चींनी सोर्णमकडे पाहिले, मग गुरुसामीकडे. मांजर म्हणावे तर चार गावांत मित्राची नाचक्की, वाघ म्हणावे तर कारखाना बुडाला. माझी तर छाती धडधडू लागली. दगडाला छाती नसते, हेही मी विसरलो.

तेवढ्यात गुरुसामीच उठला. त्याने मला ओले केले, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून हाताने घासला आणि तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"मांजर आहे," तो म्हणाला. "आमच्या छापखान्यातलीच मांजरी. मी वाघ कुठून आणू? तिच्याकडे बघून काढला. एका बोक्यानं तिचा कान फाडला होता. तो फाटका कानही मी तसाच काढलाय, बघा."

मग त्याने तंगराजची पेटी शेजारी धरली. तिच्यावरचा कानही तसाच, तिथेच फाटलेला होता.

"आता सांग तंगराजा, तुझ्या मांजराचा कान कुणी फाडला?"

संगमने तंगराजचे चित्र बंद केले आणि आम्हाला बजावले, की यापुढे नावही 'मांजर' असेच घाला.

परतताना अण्णाच्ची गाडीत धुमसत बसले होते. "तुला कुणी मधे बोलायला सांगितलं होतं? मी सांगतच होतो की."

"काय सांगत होतास?" गुरुसामीने विचारले.

अण्णाच्ची रस्त्याकडे बघत म्हणाले, "वाघ."

सोर्णमने कपाळावर हात मारून घेतला. खांद्यावरच्या पंच्याने गुरुसामी बराच वेळ तोंड पुसत राहिला.

मित्रांनो, आता नवी यंत्रे आली आहेत आणि मी छापखान्याच्या दारात पायरी म्हणून पडलो आहे. येणारेजाणारे माझ्यावर पाय पुसतात. शेपटी तर झिजूनच गेली. तुमच्या घरातली रिकामी काडेपेटी फेकण्याआधी तिच्यावरचे चित्र एकदा नीट बघा, एवढेच माझे मागणे आहे. कोणीतरी कोणाकडे तरी बघून ते काढलेले असते.

अण्णाच्ची आता खूप थकले आहेत. गुरुसामी तर गेलाच. तरी अधूनमधून अण्णाच्ची काठी टेकत छापखान्यात येतात. दाराशी आले की थबकतात, चपला काढतात आणि भिंतीला धरून मला कसेबसे ओलांडतात. मागून कोणी घाईने आत शिरू लागला, की त्याच्यावर डाफरतात.

"अरे, बघून चाल! वाघ आहे तो."