माझ्या कातडीच्या पेशी

इबादानच्या आमच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुतो. तिथे संशोधन करणाऱ्या मोरेनिकेला अभ्यासासाठी निरोगी माणसाची कातडी हवी होती, तेव्हा मी कागदावर सही करून दंड पुढे केला. मसुराएवढा तुकडा निघाला. त्यातल्या पेशी ती तीन वर्षं वाढवत होती. तिची पदवी त्यांच्यावरच अवलंबून होती.

"बाबा," ती सांगायची, इथे सगळे मला बाबाच म्हणतात, "पेशी दुभंगली की तिच्यातल्या धाग्यांची टोकं झिजतात. फार झिजली की पेशी दुभंगायची थांबते. टेलोमरेज नावाचं प्रथिन ती टोकं भरून काढतं. पण तुमच्या कातडीत त्याला कुलूप आहे. कर्करोगाच्या पेशी बहुधा ते कुलूप फोडतात, म्हणून त्या थांबत नाहीत."

"मग आमचंही उघडून टाक की!"

"अंगातल्या सगळ्याच पेशी वाढत सुटल्या तर राहाल कुठे, बाबा?"

ते कुलूप थोडंसं सैल करणारं एक द्रव्य ती तपासत होती. माझ्या पेशी दुभंगण्याच्या चाळीस फेऱ्यांच्या आसपास थांबायला हव्या होत्या. ते द्रव्य घातलेल्या तीनपैकी दोन बाटल्यांतल्या थांबल्या. तिसरीतल्या साठ फेऱ्या झाल्या तरी वाढतच होत्या, आणि त्यांच्यात टेलोमरेज सापडलं. तिचे प्राध्यापक फादाहुन्सी खूश झाले. शुक्रवारी अक्राच्या परिषदेत तिचं भाषण ठरलं. शेजारच्या टेबलावर स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी सांभाळणारा वासिऊ मला म्हणाला, "बाबा, तुमच्या पोरांना सांगा, वारसा विसरा म्हणावं."

मोरेनिकेचा दुपारच्या जेवणाचा, अमालाचा डबा मात्र तसाच परत जाऊ लागला. एका सकाळी तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा कशा दिसल्या होत्या?"

"माशांसारख्या. लांबट, एका दिशेने निघालेल्या."

"आणि आता?"

"दगडगोट्यांसारख्या. एकमेकींना चिकटून बसल्यात."

"औषधाने बदलल्या असतील," वासिऊ म्हणाला.

"मग तीनपैकी एकाच बाटलीत का?"

पुरुषाच्या पेशीत एक धागा असतो, तो बाईच्या पेशीत नसतो. माझ्या पेशींत तो असायलाच हवा, म्हणून तोच शोधायचं तिने ठरवलं. प्राध्यापक म्हणाले, "अक्राहून आल्यावर बघ. छापलंय तुझं नाव."

"नाही सर, आधी बघते."

गुरुवारी उत्तर आलं. बाटलीत पुरुषाचा धागा नव्हता.

"अभिनंदन बाबा, तुमची बाई झाली!" वासिऊ हसला, आणि लगेच त्याची नजर आपल्या टेबलाकडे गेली. तो सांभाळत होता त्या पेशी एका बाईच्या होत्या. मोरेनिकेने दोन्हींच्या आनुवंशिक खुणा शेजारी ठेवून पाहिल्या. जुळल्या. त्याच्या पेशींनी माझ्या पेशींना मागे टाकून सगळी बाटली व्यापली होती.

आमच्याकडे नियम असा, की आधी निरोगी पेशींचं काम उरकायचं, मग कर्करोगाच्या पेशींचं, आणि प्रत्येकीच्या खाद्याची बाटली वेगळी. पण त्या हंगामात वीज दिवसाला दोन तास यायची. दोघं एकाच निर्जंतुक कपाटाशी खेटून बसत, आणि बाहेरून येणारं खाद्य संपत आलेलं. वासिऊ म्हणाला, "चूक माझी. माझ्या पेशींची नळी त्या खाद्यात बुडाली असेल."

"खाद्याची एकच बाटली वापरू, असं मी म्हणाले होते," मोरेनिके म्हणाली. "माझी चूक तुझ्या नावावर कशाला?"

ती अक्राला गेली. बरोबर वासिऊ होता, त्याने मला तिथलं सगळं सांगितलं. ठरलेल्या वीस मिनिटांत तिने त्या बाटलीने तिला कसं फसवलं तेच सांगितलं. विजेचं, खाद्याचं, सगळं. एकाने विचारलं, "मग तुम्हाला सापडलं काय?" ती म्हणाली, "निरोगी पेशींतलं कुलूप अजून बंदच आहे. इतकं पक्कं बंद, की ते उघडलंय असं दिसलं तर आधी स्वतःवर संशय घ्यावा." सभागृहात दोन-तीन जण खाली मान घालून वहीत काही लिहू लागले, म्हणे. आपापल्या बाटल्या आठवल्या असतील.

माणसं इतक्या उंचीवरून स्वतःहून खाली उतरलेली मी फारशी पाहिली नाहीत.

परत आल्यावर तिने गोठवून ठेवलेली माझ्या पेशींची कुपी काढली आणि हातात धरून वितळवली. वासिऊने आपल्या पेशींचं बिऱ्हाड आपणहून वरच्या मजल्यावर हलवलं होतं.

"या थांबेपर्यंत किती दिवस जातील?" मी विचारलं.

"वर्षभर तरी. आहात ना, बाबा?"

"बघू," मी म्हटलं. "आधी कोण थांबतं ते."