शर्करेची सोयरीक

वाईचे निवृत्त संस्कृत शिक्षक शरच्चंद्र गुरुजी यांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. त्यामुळे रहिमतपूरच्या मानसिंगरावांनी गाडी पाठवली, तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून ते तासभर आधीच दारात उभे.

मानसिंगरावांची अडचण कुळाची होती. मुलगा वीरधवल पोलंडात नोकरीला आणि तिथलीच माग्दा पसंत करून बसलेला. शहाण्णव कुळांत तिला बसवायचं कुठं? पावण्यांना सांगण्याजोगं काही निघालं नाही तर साखरपुडा होणार नाही, असं त्यांनी पोराला बजावलं होतं.

"गुरुजी, आमचा ऊस तीस एकर. साखरंवरनं काय नातं लागतंय का बघा."

लागलं. पोलंडात साखरेला 'त्सुक्येर' म्हणतात. गुरुजींनी बोटांवर पिढ्या मोजल्या. पोलिशांनी तो शब्द जर्मनांकडून घेतला, जर्मनांनी इटलीकडून, इटलीनं अरबांकडून, अरबांनी इराण्यांकडून, आणि मूळ आपली शर्करा.

मानसिंगरावांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "जर्मन चालंल. त्ये अरब आन् इराणी तेवढं काढा."

"अहो, मधल्या पिढ्या गाळून वंश कसा सांगायचा?"

"आमी वंशावळीतनं दोन चुलतं गाळल्यात. काय अडलं न्हाई."

गुरुजींना विद्येची चाड होती. साखरपुड्यात माइकवर बोलायची हाव तिच्याहून मोठी होती, एवढंच. त्यांनी दोघांना गाळलं.

साखरपुड्याच्या मंडपात त्यांनी खड्या आवाजात वंशावळ वाचली. शर्करा भारतातून निघाली ती थेट इटलीत उतरली. टाळ्या जोरात पडल्या, कारण आता पानं वाढणार होती.

माग्दा मराठी शिकली होती ती वीरधवलकडून, म्हणजे पक्की रहिमतपुरी. अंगठी घालायच्या आधी ती हळूच म्हणाली, "गुरुजी, मदलं दोघं कुठं गेलं? अरब आन् इराणी? आमी कालेजात शिकलोय त्ये."

गुरुजींनी मानसिंगरावांकडे पाहिलं. मानसिंगराव वाढप्यांकडे पाहत होते.

"टायपिंगची चूक," गुरुजी म्हणाले.

माग्दानं समजूतदारपणे मान हलवली आणि अंगठीसाठी हात पुढे केला. लग्न ठरलं.

मग गुरुजींच्या खांद्यावर शाल पडली आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या मंडपात त्यांचं बोलणं ऐकणारी ती एकटीच होती, आणि तिलाच त्यांनी खोटं सांगितलं होतं.