जगदेवीचा ओटा

शुक्रवार पेठेत रोज सकाळी एक माणूस खांद्याला कागदांची पिशवी आणि हातात घडीचं स्टूल घेऊन यायचा आणि एखाद्या जुन्या घरासमोर बसून ते घर कागदावर उतरवायचा. यज्ञेश्वर त्याचं नाव. सात रस्त्याला त्याचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. शाळा, बंगले, एक थिएटर असं बरंच काही त्यानं सोलापुरात उभं केलं होतं. पण मूळचा ओढा चित्रांकडे. ही दगडी घरं फार दिवस टिकायची नाहीत, निदान रंगात तरी राहावीत, असं त्याला वाटे.

पेठेला हे पटत नव्हतं. १९७४ साल होतं आणि रस्ता रुंद होणार अशी कुजबूज होती. अशात कुणी एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून आपला ओटा न्याहाळत बसला, तर लोकांनी काय समजायचं?

ओट्यावर मंगळवेढ्याची ज्वारी विकणाऱ्या जगदेवीनं एकदा विचारलंच, "काय काढताय हितं?"

"चित्र काढतोय, अक्का. तुमचा ओटा आवडला."

"ओटा कुणाला आवडतो व्हय?" ती म्हणाली आणि दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून राहिली.

पुढं त्यानं या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. लोक आले, तसा रस्ते खात्यातला एक साहेबही आला. जगदेवीच्या घराच्या चित्रासमोर तो बराच वेळ उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याची जीप यज्ञेश्वरच्या ऑफिसपुढं थांबली.

"आमच्या माणसांना पेठेत कुणी टेप लावू देत नाही," साहेब म्हणाला. "तुमच्या चित्रांत कुठला ओटा किती पुढं आलाय ते स्वच्छ दिसतं. थोडे दिवस द्या. नव्या वाचनालयाचं काम तुम्हालाच मिळेल."

ते वाचनालय बांधायची यज्ञेश्वरला फार इच्छा होती. तरी तो म्हणाला, "चित्रं मिळणार नाहीत."

साहेब हसला आणि निघून गेला.

जीप जगदेवीच्या दिरानं, शरणप्पानं पाहिली होती. यज्ञेश्वर पेठेत आला तेव्हा जगदेवीनं बादलीभर पाणी त्याच्या कागदावर ओतलं.

"जीप कुणाची हुती?"

"रस्त्याच्या साहेबाची. चित्रं मागत होता. मी दिली नाहीत."

शरणप्पा पुढं झाला. "न्हाय दिली? मग त्यो हसत का गेला?"

यज्ञेश्वरनं ओला कागद गुंडाळला आणि तो निघाला. त्यानंतर पेठेत पाऊल टाकायचं त्याला धाडस झालं नाही.

उन्हाळ्यात पेठेतल्या भिंतींवर लाल खुणा उमटल्या. मग कुदळी आल्या. जगदेवीचा ओटा आणि पुढची भिंत पडली. ही बातमी ऐकल्यावर यज्ञेश्वर पुन्हा पुन्हा प्रदर्शनाचाच विचार करू लागला. प्रदर्शन सगळ्यांना खुलं होतं. कुणी तिथं उभं राहून मापं उतरवून घेतली असतील का? हसण्याचं कारण तेच असेल का?

एके दुपारी जगदेवी स्वतः त्याच्या ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"तुमी दिलं का न्हाई, खरं सांगा."

"मी दिलं नाही, अक्का. पण माझ्या चित्रांवरून कुणी घेतलं नसेल, असं छातीठोक सांगता येत नाही मला."

"घराला तोंड ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली. "गवंडी म्हणतो, सपाट भिंत घालू. मला तसलं नको. तुमी काढून द्या. पण माझ्यासमोर बसून."

पडक्या भिंतीसमोर बसून त्यानं नवा दर्शनी भाग काढला. आत सरकलेला अरुंद ओटा, दोन्ही बाजूंना दगडी कोनाडे. जगदेवी पाठीशी उभी राहून प्रत्येक रेघेचा अर्थ विचारत होती. कागद पुरा होताच तिनं तो घेतला आणि आत ठेवून आली.

बांधकाम झालं तेव्हा तिनं त्याला चहाला बोलावलं. नव्या ओट्यावर बसवलं, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढ्यात ठेवली. "बरा झालाय," एवढंच म्हणाली.

तो उठला तशी ती पण उठली.

"पिशवी दावा की, सायब."

यज्ञेश्वरनं पिशवी उघडून दाखवली. घराचा कागद तर नाही ना, म्हणून जगदेवीनं आत हात घालून तळापर्यंत पाहिलं आणि मग त्याला जाऊ दिलं.