विलो टँकचा शेवटचा माणूस

लॉकडाउनच्या त्या पहिल्या वसंतात सुचेता दिवसभर कुजबुजत बोलायची. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फ्लॅटमध्ये बेडरूम सोडली तर एकच खोली, आणि तिथे नवरा मोरेश्वर सकाळपासून मीटिंगमध्ये. मिक्सर लावायचा तरी आधी त्याला विचारायचं. मोकळा श्वास घ्यायला उरली फक्त बाल्कनी.

शेजारच्या बाल्कनीत लोरेटा बसायची. ऐंशी ओलांडलेली, मूळची टेक्सासची. डच नवऱ्यामागोमाग इकडे आली आणि तो गेल्यावर इथेच राहिली. फुप्फुसं अधू असल्यामुळे डॉक्टरांनी तिला जिन्यातसुद्धा जायला मनाई केली होती.

एका सकाळी ती म्हणाली, "माझा भाऊ गेला. वेंडेल. गुरांना चारा घालताना पडला तो उठलाच नाही. आता विलो टँकमध्ये कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"गावात तो एकटाच राहत होता."

दफन व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरलं. लोरेटाला कॉल लावणं जमेना आणि तिच्या घरात जायची सोय नव्हती. म्हणून सुचेताने आपल्या टॅबवर कॉल लावला आणि मधल्या कठड्यावरून हात लांबवून तिच्यासमोर धरला. वाळलेलं गवत दिसलं, टोप्या काढून उभे असलेले आसपासच्या गावांतले चार-पाच लोक दिसले. पाद्र्याने तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. सुचेताने पुन्हा पुन्हा कॉल लावला. तिकडे रेंजच नव्हती.

लोरेटा कठडा घट्ट धरून बसली. "तो पाद्री दुसऱ्या गावचा. तो काय सांगणार वेंडेलबद्दल?"

"मग तुम्ही सांगा," सुचेता म्हणाली. "मी ऐकते."

लोरेटा अडखळत बोलू लागली. तिकडे टँक म्हणजे तळं. वाफेची इंजिनं पाणी भरायला त्या तळ्यापाशी थांबत, म्हणून तिथे गाव वसलं. सरकी काढायचा कारखाना आला, शाळा आली, चर्च आलं. मग डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी लागेना. गाडी शिट्टी देऊन तशीच पुढे जायला लागली. कारखाना बंद पडला, मग शाळा. लोक घरंसुद्धा उपटून ट्रकवर घालून घेऊन गेले.

"तुम्ही?"

"एकोणिसाव्या वर्षी निघाले. वेंडेलला म्हटलं, चल. तो म्हणाला, सगळेच गेले तर आईच्या थडग्याकडे कोण बघणार? मला राग आला. वाटलं, हा इथे अडकला, मी सुटले. आणि आता बघ मला."

काचेवर टकटक झाली. मोरेश्वर हेडफोन बाजूला करून म्हणाला, "सुचेता, प्लीज. क्लायंट आहे लाइनवर. जरा हळू."

"तिच्या भावाला पुरताहेत," सुचेता म्हणाली, नेहमीच्या, मोकळ्या आवाजात. "तू बेडरूममध्ये जा."

तो लॅपटॉप उचलून आत गेला. सुचेता वळली. "मोठ्याने बोला, लोरेटा."

लोरेटा अंधार पडेपर्यंत बोलली. एकेक घर, एकेक माणूस, वेंडेलची आडमुठी गाय, सगळं.

पुढच्या वर्षी लस मिळाली, विमानं सुरळीत झाली. सुचेताने टेक्सासचं तिकीट काढून द्यायची तयारी दाखवली.

लोरेटाने नकारार्थी मान हलवली. "तिथे दार उघडणारं कोण आहे आता?"

आणि ती खुर्ची उन्हात ओढून बसून राहिली.