निकटदृष्टितेचे दोन गुण

दीपमालाला नववीत मी आळशी म्हणत असे. पाठीमागे नाही, तोंडावर, सगळ्या वर्गासमोर. तिच्या वहीत मी अकरा वेळा लाल शाईने 'अक्षर सुधारा' लिहिलं आहे. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर आपल्याला मुलं ओळखता येतात असा एक गैरसमज होतो, तो मलाही झाला होता. मग तपासणीचा कागद आला. अध्ययन अक्षमता, सौम्य. छापलेली अक्षरं तिला एका जागी सापडत नाहीत, आणि लिहायला बसली की उरलेलीही हरवतात. त्यामुळे दहावीला तिला लेखनिक मिळणार होता. त्याने प्रश्न वाचून दाखवायचे आणि ती सांगेल ते उत्तर लिहायचं.

कोथरूडच्या आमच्या शाळेचा निकाल सलग नऊ वर्षं शंभर टक्के लागतो आहे, आणि मुख्याध्यापक दीनानाथ सर त्या आकड्याला देव्हाऱ्यातल्या देवासारखं जपतात. ते म्हणाले, "सहामाहीला विज्ञानात पास झाली, तर शाळेतून फॉर्म भरू. नाहीतर बाहेरून बसू दे." पेपर चाळीसचा होता आणि चौदा गुण हवे होते.

लेखनिक म्हणून नववीतली पायल ठरली. दोघी महिनाभर मधल्या सुट्टीत सराव करत होत्या. ऐन पेपराच्या सकाळी पायलला ताप भरला. "आता आपणच बसा," सर मला म्हणाले. पेपर दुसऱ्या शाखेतले नागोराव सर तपासणार होते, म्हणून हरकत नव्हती म्हणे.

प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. मी प्रश्न वाचला की ती डोळे मिटायची. वजन ध्रुवावर जास्त का भरतं, ते तिने असं सांगितलं: "पृथ्वी तिथे चपटी आहे, म्हणून आपण केंद्राच्या जवळ असतो." इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग भिंगाची आकृती आली. "आडवी रेघ काढा, बाई. मधोमध भिंग, त्याच्या दोन्ही बाजूंना चार सेंटिमीटरवर नाभी. डावीकडे सहा सेंटिमीटरवर मेणबत्ती, तीन सेंटिमीटर उंच." तिचं बोट बाकावर फिरत होतं आणि माझी पेन्सिल त्याच्यामागून. प्रतिमा कुठे पडेल ते तिने किरण काढण्याआधीच सांगितलं. मी दोन्ही किरण ओढले आणि ते नेमके त्याच जागी येऊन मिळाले. ही आकृती फळ्यावर दर वर्षी माझी थोडी तरी हुकते, आणि ही मुलगी ती डोळे मिटून बघत होती.

शेवटी मी नियमाप्रमाणे सगळा पेपर तिला वाचून दाखवला. निकटदृष्टितेच्या उत्तरापाशी तिने हात वर केला.

"बाई, मी बहिर्वक्र भिंग म्हटलं होतं. तुम्ही अंतर्वक्र वाचलंत."

मी कागद पाहिला. 'अंतर्वक्र'च लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. सव्वीस वर्षं तेच सांगणाऱ्या हाताने परस्पर लिहून टाकलं होतं. मला भलतीच लाज वाटली. दोन तासांत सांगितलेला शब्द न् शब्द तिच्याजवळ होता.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"खोडा. बहिर्वक्र लिहा."

"दीपमाला, नीट विचार कर."

"केला. माझं चुकलं होतं, ते आत्ता तुम्ही वाचल्यावर कळलं. पण आधी मला येत नव्हतं ना? बोर्डाला तुम्ही नसणार. माझं मला किती येतं, ते कळायला पाहिजे."

माझ्या हाताने बरोबर उत्तर खोडून मी चूक लिहिली.

आठवड्याने पेपर आले. दीपमालाला एकोणतीस गुण होते. समासात नागोराव सरांनी लाल शाईने काहीतरी लिहिलं होतं. "काय लिहिलंय? वाचा ना," ती म्हणाली.

मी वाचलं: "बरोबर उत्तर खोडून चूक लिहिले आहे. लेखनिकास विज्ञानाचे प्राथमिक ज्ञानही दिसत नाही. बदलावा."

ती बाकावर डोकं टेकून हसत सुटली. मग डोळे पुसत म्हणाली, "बोर्डाला पायललाच बसवा, बाई. तिला खरंच येत नाही."